कामशातच्या पायातला दोरा

कोकतुबेक स्टेशनावर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीची नस, सगळं गाव जिला मानाने अपा म्हणे त्या उलबोसिनला ठाऊक होती. कुठली वेळेवर येते, कुठली रडतखडत येते, कुठल्या डब्यातला कंडक्टर मासा फुकट मागतो आणि कुठला आधी पैसे पुढे करतो, हे ती डोळे मिटून सांगायची. गाडी थांबली की टोपली घेऊन एका टोकाने चढायचं, "धुरी दिलेला मासा! आजच काढलेला!" असं ओरडत डब्यांमधून जायचं आणि गाडी हलायच्या आत दुसऱ्या टोकाने उतरायचं, हा तिचा उभ्या आयुष्याचा धंदा. इतक्या गाड्यांत ती चढली, पण चालत्या गाडीत म्हणून कधी बसली नाही. माहेर रुळांच्या अलीकडे, सासर पलीकडे. लग्नाचं वऱ्हाड निघालं आणि रूळ ओलांडताच संपलं.

चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा वैतागून बापाने तिचं नाव उलबोसिन ठेवलं होतं, म्हणजे 'मुलगा होवो'. नाव लागू पडलं आणि पाठीवर भाऊ आला. "नाव माझं आणि फायदा त्याचा," असं ती हसत सांगायची. भाऊ मोठा होऊन कास्पियनकाठी तेलाच्या कामावर गेला. बहिणी एकेक करून अल्माटी, कारागांडी अशा पांगल्या. उरली ती एकटी उलबोसिन, बालखाश तलावाच्या वाऱ्यात मासे धुरावत.

नवरा साबित रेल्वेत रूळ तपासायचा. त्याला वर्षातून एकदा फुकट प्रवासाचा पास मिळे. दरवर्षी दोघं ठरवायची, यंदा जाऊ. मग एका वर्षी गाय व्यायली, एका वर्षी सासू अंथरुणाला खिळली, एका वर्षी मुलाला, दौरेनला, गोवर निघाला, आणि शेवटी साबितच गेला. त्याबद्दल अपा रडगाणं गात नसे. तिच्याकडे त्याचं अगदी पक्कं कारण होतं.

"माझा दोरा ओराजने कापला ना," ती म्हणायची. "मग मी कुठं जाणार?"

पोर उभं राहायला लागलं की त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या पिळाचा दोरा बांधायचा आणि कुणातरी चांगल्या, चलाख, पायाला भिंगरी असलेल्या माणसाच्या हातून तो कापून घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. ज्याच्या हातून कापला त्याच्या वळणावर पोर जातं. उलबोसिनच्या वेळी यायची ती आत्या आली नाही. जेवायला बसलेली माणसं खोळंबली. तेव्हा आईने दारावरून जाणाऱ्या ओराजला हाताला धरून आत ओढलं. ओराज सांधेवाला होता. बिचारा म्हातारा होऊन मरेपर्यंत स्टेशनाबाहेरच्या त्या खोपट्यात रुळांचा सांधा बदलत बसला. कुठल्या गाडीने कुठं जायचं ते त्याच्या हातात, पण स्वतः मात्र जागचा हलला नाही.

आता नात कामशातची पाळी होती. भिंत धरली की ती तुरुतुरु चालायची, भिंत सुटली की मटकन बसायची. अपाने वर्षभर आधीच जाहीर करून टाकलं होतं की हिचा दोरा लांबचं जग पाहिलेल्या बाईच्याच हातून कापायचा. सून ऐनाश कारागांडीची, जिभेने तिखट आणि मनाने तितकीच हळवी. या बाबतीत मात्र दोघींचं एकमत होतं, आणि ते क्वचितच व्हायचं. ऐनाशची मावशी रौशान निवडली गेली. ही मावशी चार देश हिंडून आलेली, अजूनही जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. समारंभाचा दिवस ठरला, मेंढा कापला, सगळ्या गावाला आवतण गेलं.

नेमका समारंभाच्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता.

"दोरा कापायला येणार तिचाच पाय मोडावा!" ऐनाश फोन ठेवून तिथेच खाली बसली. "हा काय शकुन म्हणायचा? अपा, आपण पुढे ढकलू या."

"मांस शिजतंय ते पुढे ढकलू का?" अपा म्हणाली. "गावाला काय सांगू, मावशीचं हाड जुळल्यावर या जेवायला?"

मदतीला आलेली कुल्याश पीठ मळता मळता म्हणाली, "मी कापते की. एवढं काय त्यात?" कुल्याश म्हणजे अपाची लहानपणची मैत्रीण, आणि फलाटावरच्या धंद्यातली वैरीण.

"तू कापशील, मग माझी नात आयुष्यभर तुझ्या शेजारी बसून मासे विकेल."

"मग काय वाईट? निदान तुझ्यासारखे खारट तरी विकणार नाही."

दुपारच्या गाडीची वेळ झाली होती. घरात एवढी धामधूम असताना तिने टोपली उचलली तशी ऐनाश बघतच राहिली. "आज कशाला चाललात?"

"गाडी काय आपल्या घरी कार्य आहे म्हणून थांबायची नाही," असं म्हणून अपा बाहेर पडली. कुल्याशही हात पुसत मागोमाग निघाली, कारण वैरीण जातेय म्हटल्यावर तिला घरी थोडंच राहवणार!

खरं सांगायचं तर मासे विकायला अपा गेलीच नव्हती. लांबून येणाऱ्या गाडीत लांबून आलेलं कुणीतरी असेल, एवढीच आशा घेऊन ती गेली होती. असेल तर त्याला काय सांगणार, कसं थांबवणार, याचा तिने काही विचार केला नव्हता.

फलाटावरच्या बाकावर तिने नेहमीसारखा कापडाचा तुकडा पसरला, त्यावर भाकरी ठेवली आणि चहाची किटली काढली. गाडी आली. डब्यांतून माणसं पाय मोकळे करायला उतरली. त्यांत एक उंच, वयस्क गोरी बाई होती. डोक्यावर गवताची टोपी, अंगात घरातला झगा आणि पायांत सपाता. ती सरळ अपापाशी आली, टोपलीतला मासा उचलला, त्याचे कल्ले उघडून वास घेतला आणि मान डोलावली. मासा कुठे हुंगायचा हे जिला कळतं ती बाई अपाला तिथेच आवडली.

बाईने मासा घेतला. मग तलावाकडे बोट करून मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारलं, "पाणी इथे... गोड? खारट?"

"इथे गोड," अपा म्हणाली. "पलीकडे पूर्वेला खारट. तू कुठली गं?"

"पोर्तुगाल. नाव ग्रासा."

पोर्तुगाल! अपाच्या छातीत धडधडायला लागलं. जगाच्या नकाशात त्यानंतर नुसतं पाणीच आहे, एवढं तिला माहीत होतं.

तेवढ्यात इंजिनाने शिटी दिली. ग्रासा वळली. आणि अपाच्या तोंडून आमच्याकडे कुठल्याही बाईच्या तोंडून निघतं तेच निघालं, "अगं, तोंड तरी लाव!"

भाकरी समोर मांडलेली असताना पाहुण्याने घास न घेता जायचं नाही. हे घरात खरं तसंच बाकावरही खरं. अपाने भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात कोंबला. ग्रासाने सभ्यपणे घास घेतला. कोरडी भाकरी घशात अडकू नये म्हणून अपाने चहाचा वाडगा पुढे केला. चहा गरम होता. पाहुणीने फुंकर मारली, एक घोट घेतला, छातीवर हात ठेवून आभार मानले, आणि मागे वळून पाहिलं तर तिचा डबा चालू लागला होता.

ती धावली, पण सपाता घालून गाडी कोण पकडणार? एक सपात निघाली, दुसरी वाकडी झाली. दारातला कंडक्टर हात हलवत काहीतरी ओरडत गेला. शेवटचा डबा वळणाआड गेला तेव्हा पोर्तुगालची बाई कोकतुबेकच्या फलाटावर एका हातात मासा आणि एका हातात सपात धरून उभी होती. तिची पिशवी, कोट, पासपोर्ट, सगळं पुढे निघून गेलं होतं.

"बाई गं!" कुल्याशने कपाळाला हात लावला. "मासा विकलास तो विकलास, पाहुणीची गाडीही खाल्लीस!"

"मी मुद्दाम केलं का?"

"ते तुझं तुला ठाऊक."

अपाने मुद्दाम नव्हतंच केलं. पण मघाशी शिटी झाली तेव्हा मनात कुठेतरी 'ही राहिली तर' असं चमकून गेलं नव्हतं, हे तिला छातीठोकपणे सांगता येईना. शरमेने तिचे कान लाल झाले. तिने आपले लोकरी मोजे काढून पाहुणीच्या पायांत घातले आणि तिला हाताला धरून स्टेशन मास्तरकडे नेलं.

मास्तर भला माणूस होता. अपाला रागे भरायचं त्याने नंतरवर ठेवलं आणि आधी फोन लावले. पुढच्या जंक्शनला पिशवी उतरवून ठेवतील, असं कळलं. उद्या सकाळी पॅसेंजर गाडी होती. "पण हिच्याकडे कागदाचा कपटाही नाही," तो म्हणाला. "इथलं कुणीतरी आपलं ओळखपत्र घेऊन हिच्याबरोबर जंक्शनपर्यंत गेलं पाहिजे. मग मी कंडक्टरशी बोलतो."

"माणूस मी देते," अपा म्हणाली. मनात तिने मुलाला, दौरेनला, धरलं होतं.

घरी नेताना तिने पाहुणीला तलावाच्या काठावरून नेलं. ग्रासा वाकली, पाण्यात बोट बुडवून चाटलं, डोळे मिटून चव घेतली. मग ओंजळभर पाणी पिऊनच टाकलं. "गोड," ती लहान मुलीसारखी हसली. "एक तलाव. अर्धा गोड, अर्धा खारट. मी यासाठी आली. कुठे मीठ सुरू, ते बघायचं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी. तू बघितलं?"

ज्या पाण्यावर अपा जन्मली त्यात मीठ कुठे सुरू होतं, हे बघायला ती कधी गेली नव्हती. जावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

घरी अंगणात माणसं जमली होती. सपातावाल्या पाहुणीची बातमी तिच्याआधीच पोचलेली होती. बायकांनी तिला मानाच्या जागी बसवलं, खांद्यावर कुणीतरी शाल टाकली, पुढ्यात बाऊरसाकचा, पिठाच्या तळलेल्या बोंडांचा, ढीग लावला. कामशातने येऊन तिची गवताची टोपी ओढली आणि तोंडात घातली. ग्रासाने ती तिला खुशाल चघळू दिली. अपाने सुनेला चुलीपाशी गाठलं.

"कापणारी मिळाली," ती हळूच म्हणाली.

"कोण, ही?" ऐनाशने पळी तशीच धरली. "अपा, जिची गाडी चुकली तिच्या हातून दोरा कापायचा? माझी पोर जन्मभर गाड्या चुकवत बसेल!"

"गाडी तिने चुकवली नाही, मी चुकवली."

"मग तर तुमचीच वळणं लागतील तिला. ती आहेतच म्हणा घरात."

"अगं पोर्तुगालहून आली आहे ती! एकटी! या वयात! रौशान मावशी चार देश फिरली असेल, हिने चाळीस पाहिले असतील."

ऐनाशने लांब श्वास घेतला. "विचारा तरी तिला आधी."

तेव्हा सगळ्यांसमोर अपाने विचारलं. दोरा दाखवला, कात्री दाखवली, पोरीचे पाय दाखवले. ज्याच्या हातून कापला जातो त्याच्यासारखं मूल होतं, हेही सांगितलं. "तू जग बघितलंस," ती म्हणाली. "माझ्या नातीनेही बघावं. ती इथे अडकू नये. म्हणून तू काप."

ग्रासाचा चेहरा एकदम उतरला. तिने कात्री घेतली नाही. शब्द शोधत शोधत ती म्हणाली, "मी जग नाही बघितलं. मी शाळेत स्वयंपाक करते. करत होती. शेजारीण युक्रेनची, तिने थोडं रशियन शिकवलं. नवरा आजारी, खूप वर्षं. मग आई आजारी. मी गावाबाहेर नाही गेली कधी. ही पहिली वेळ. पहिली गाडी, पहिला देश." ती थांबली. "आणि गाडी चुकली. दुसरं कुणी शोध. चांगलं कुणी."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. कुल्याशने तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं, पण तिचे खांदे हलत होते. चाळीस देशांची मडमबाई आमच्यापैकीच एक निघाली होती! ऐनाश सासूकडे बघत होती. तिच्या नजरेत या वेळी टोमणा नव्हता, काळजी होती. म्हातारीचा किती मोठा हिरमोड झाला असेल ते तिला दिसत होतं.

अपा मात्र पाहुणीकडे टक लावून पाहत होती. नवरा आजारी, आई आजारी. यंदा जाऊ, यंदा जाऊ. ते सगळं तिला पाठ होतं. फक्त या बाईने त्यानंतर एक गोष्ट केली होती जी अपाने केली नव्हती. ती उठली होती, टोपी घातली होती आणि निघाली होती. कुणी तिचा दोरा कापलाय आणि कुणी नाही, हे ती विचारत बसली नव्हती.

"तुला भीती नाही वाटली?" अपाने विचारलं.

"वाटली. रोज वाटते. आज गाडी गेली तेव्हा खूप."

"तरी उद्या पुढे जाशील?"

"मीठ बघायचं राहिलं ना," ग्रासा म्हणाली.

अपाने सुनेकडे पाहिलं. "ऐनाश, पोर तुझी आहे. तू सांग."

ऐनाशने कामशातला उचललं, गालिच्यावर उभं केलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या पायांना दोरा बांधला. "मावशीला कसलीच भीती वाटत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर जिन्यावरून पडली. ही घाबरते आणि तरी जाते. माझ्या पोरीला असलंच कुणीतरी हवं. कापू दे हिला."

ग्रासा गुडघ्यांवर बसली. पहिल्यांदा कात्री दोऱ्यावर नीट बसली नाही, तिने ती पुन्हा धरली. कच्चकन दोरा तुटला. बायकांनी गलका केला, लहान मुलांवर गोळ्या उधळल्या गेल्या. ग्रासाने पोरीचा एक हात धरला, अपाने दुसरा. तिघी गालिच्यावरून चालल्या. मध्येच कामशातने दोघींचे हात झटकले. ती डुलली, आता मटकन बसणार असं सगळ्यांना वाटलं, पण ती बसली नाही. तोंड उघडं टाकून, हात पसरून ती तशीच चालत अंगणाच्या दाराकडे निघाली. ऐनाश रडत रडत तिच्यामागे धावली. अपाही रडली. तिला त्याची लाज वाटली नाही.

जेवणं उरकल्यावर दौरेन म्हणाला, "अपा, सकाळी मी पाहुणीला जंक्शनला पोचवून येतो. साहेबाला सांगून सुट्टी काढतो."

"नको," अपा म्हणाली. "मी जाते."

सगळे हसले. ती हसली नाही हे बघून थांबले.

"तू? गाडीने?" दौरेनला खरं वाटेना. "बरं, जंक्शनपर्यंतचं तिकीट काढतो. दुपारच्या गाडीने परत ये."

"जंक्शनवरून पूर्वेकडची गाडी असते ना रे? तलावाच्या कडेकडेने जाते ती?"

"असते. का?"

"त्या गाडीचंही काढ. पाणी खारट लागेल तिथपर्यंतचं."

"आणि मासे कोण विकणार?" ऐनाशने विचारलं, पण विचारता विचारताच ती कपाटातून सासूचा चांगला कोट काढत होती.

"कुल्याश विकेल. तिचा जीव कधीचा माझ्या गिऱ्हाइकांवर आहे."

सकाळी अर्धं गाव फलाटावर होतं. ऐनाशने वाटेसाठी एवढं बांधून दिलं होतं की कंडक्टरने कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्यातला एक मासा हातात पडल्यावर त्या काढून टाकल्या. "कुठल्याही स्टेशनावर खाली उतरू नका!" ऐनाश खिडकीखालून ओरडत होती. "कुणी घास खा म्हणालं तरी उतरू नका! ऐकताय ना अपा?" कामशात तिच्या बोटाला धरून उभी होती आणि मधूनमधून बोट सोडून बघत होती.

गाडी हलली. अपाला सवयीने एकदम उठावंसं वाटलं. दुसऱ्या टोकाच्या दाराकडे पळावं, उतरावं, असं पायांना वाटत होतं. तिने बाकाची कड घट्ट पकडली. स्टेशन मागे गेलं, ओराजचं खोपटं मागे गेलं, तिची धुरीची पत्र्याची पेटी मागे गेली. मग तिने पूर्वी कधी न पाहिलेलं असं एक साधंसुधं माळरान सुरू झालं.

"भीती वाटते?" ग्रासाने विचारलं.

"वाटते तर," अपा म्हणाली. "पण तू जरा सरक बघू. खिडकीची जागा मला दे."